खाऱ्या वाऱ्यातली पत्र्याची खोली

ओळखीच्या एका काकांनी समुद्राकाठच्या घराच्या परसात निळ्या पत्र्याची तयार खोली आणून बसवली होती. दहा फूट बाय बारा फूट, एक दार, दोन झडपा. चार पावसाळे झाले. लांबून बघावं तर कालच आणल्यासारखी. काका म्हणाले, "जरा ढकलून बघ." तळव्याने ढकलली तर अख्खी भिंत हलली. जमिनीलगत चार बोटं पत्रा नव्हताच. होती ती तांबूस पापुद्र्यांची किनार, आणि कोपऱ्यातल्या खांबांच्या पायांशी गंजाचे फुगे. वरचा निळा पत्रा अजून दहा वर्षं सहज चालला असता. खोली मात्र संपली होती.

अशी खोली विकणारा पत्र्याबद्दल बोलतो आणि घेणारा रंग निवडतो. समुद्राकाठी पत्र्याची खोली पत्र्यातून मरत नाही. ती कडेला मरते, भोकात मरते, जोडात आणि पायाशी मरते. म्हणून ती निवडायचीही तिथूनच.

अशा खोल्यांना हल्ली एवढी मागणी का आली, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जुन्या घराला माळा होता, पडवी होती, मागे मांगर किंवा बेडं होतं. पावसाळ्याची बेगमी करायला जागा होती. आता जुन्या घराच्या जागी स्लॅबचा आटोपशीर बंगला आला, पण नारळ, सोलं, आंब्याच्या पेट्या, पंप, पाइप, शिडी, फवारणीचा पंप, मुंबईहून आलेलं जुनं फर्निचर हे सगळं आहे तेवढंच राहिलं. चिऱ्याची खोली बांधायची तर गवंडी मिळत नाही. मग फॅब्रिकेटरला फोन जातो आणि आठ दिवसांत टेंपोतून खोली येते. उद्या जागा बदलायची झाली तर उचलून नेता येते, हा आणखी एक फायदा. तो वाऱ्यालाही मिळतो, पण त्याबद्दल पुढे.

उचलून नेता येणारं लोखंडी घर तसं नवं नाही. लंडनच्या गोद्यांचं काम बघणाऱ्या हेन्री पामर याने पन्हळी पत्र्याचं पेटंट १८२९ साली घेतलं. पातळ पत्र्याला घड्या पाडल्या की तो आपल्याच जोरावर उभा राहतो, एवढीच त्यातली युक्ती. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पत्र्याला पावसात उभं राहण्याची ताकद आली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंडमधून सुट्ट्या भागांची लोखंडी घरं जहाजांनी कॅलिफोर्नियाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे सोनं सापडलं होतं आणि माणसं घरांपेक्षा वेगाने येत होती. मेलबर्नमध्ये त्यांतली काही अजून जपून ठेवली आहेत. म्हणजे जस्ताचा पत्रा दीडशे वर्षं टिकू शकतो. प्रश्न तो कुठे उभा आहे आणि त्याच्याकडे कोण बघतं, एवढाच आहे.

आता मिठाकडे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडले जातात. ते वर येऊन फुटतात आणि फुटताना बारीक तुषार हवेत उडवतात. जड थेंब किनाऱ्यालाच पडतात, हलके वाऱ्याबरोबर आत येतात. म्हणून पहिल्या दोन-तीनशे मीटरात मिठाचा मारा सगळ्यात जास्त, आणि पुढे तो झपाट्याने उतरतो. इथे नुसतं अंतर मोजून भागत नाही. लाटा फुटणाऱ्या उघड्या पुळणीपासून तीनशे मीटरवरचं घर आणि शांत खाडीपासून तीनशे मीटरवरचं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मधे सुरूचं बन किंवा माडांची दाट वाडी असेल तर तीही बरंच मीठ आपल्या अंगावर घेते.

पत्र्यावर बसलेलं मीठ नुसतं बसून राहत नाही, ते हवेतलं पाणी ओढतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं; पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते यामुळेच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. कोकणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे पुण्यातला पत्रा पावसात भिजतो आणि उन्हात वाळतो, तर गुहागरचा पत्रा एप्रिलच्या दुपारीही, डोळ्यांना दिसणार नाही इतका, ओलाच असतो. गंज चढायला लोखंड, प्राणवायू आणि पाणी लागतं. तिन्ही तिथे बारमाही हजर, आणि वर क्लोराइड, जे गंजाचा थर घट्ट बसूच देत नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. पाऊस पत्र्याचा शत्रू नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात एवढा पाऊस कोसळतो की उघड्या छपरावर मिठाचा कण उरत नाही. छप्पर धुऊन निघतं. धुऊन निघत नाही ते वळचणीखाली, दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, झडपेच्या आतल्या बाजूला, जमिनीकडे तोंड करून असलेल्या चॅनेलच्या पोटात. तिथे मीठ वर्षानुवर्षं साठतं. किनाऱ्यावरची कुठलीही जुनी शेड बघा. छप्पर धड असतं आणि छपराखालची कड चाळणी झालेली असते. म्हणून चौकशीत पहिला प्रश्न असा असावा: हिच्यात पाऊस न पोहोचणारे कोनेकोपरे किती आहेत, आणि तिथे नळीचं पाणी पोहोचेल का? छज्जे, दुमडी, नक्षीच्या पट्ट्या जितक्या कमी तितकं बरं. साधी, सरळ, जरा ओबडधोबड खोली इथे देखण्या खोलीपेक्षा जास्त जगते.

काकांच्या खोलीचा पाय का गेला, त्याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकात एका थेंबात दाखवलं. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. गंजाचं कडं थेंबाच्या काठापासून जरा आत दिसतं, पण लोखंड प्रत्यक्षात खाल्लं जातं ते थेंबाच्या मधोमध, जिथे हवा सगळ्यात कमी पोहोचते. हवा मिळणारा भाग आणि न मिळणारा भाग यांच्यात एक बारीकशी बॅटरी तयार होते, आणि बळी पडतो तो हवा न मिळणारा भाग. आता थेंबाच्या जागी भिंतीच्या पायाशी साठलेला पातेरा, ओली माती, वाळू घाला. खालचा पत्रा गुदमरतो आणि वरच्या मोकळ्या पत्र्याच्या वाट्याची झीज स्वतःवर घेतो. एकावर एक चढवलेल्या दोन पत्र्यांच्या मधे, वॉशरखाली, चिकटपट्टीखाली हेच घडतं. काकांनी जोत्याऐवजी थेट जमिनीवर खोली ठेवली होती आणि कडेने माती लोटून वर अबोली लावली होती. दिसायला फार छान होतं.

तेव्हा जमिनीपासून किमान एक फूट उंच जोतं, चिऱ्याचं किंवा काँक्रीटचं, आणि ते भिंतीच्या बाहेर पसरलेलं नको. पागोळ्यांचं पाणी जोत्यावर पडून भिंतीवर उडता कामा नये. पत्रा जोत्यापासून बोटभर वर थांबावा. ओल्या सिमेंटात पत्रा किंवा खांब गाडून टाकण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. खांबाला खाली पाट्या असाव्यात आणि त्या जोत्यात बसवलेल्या बोल्टांवर आवळाव्यात. पाटी आणि काँक्रीटच्या मधे जाड रबर.

आता पत्रा. दुकानात 'झिरो पॉइंट फाइव्ह' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा दाखवतात. त्यात रंग आणि मुलामा धरून अर्धा मिलिमीटर की मूळ पोलाद तेवढं, हे विचारावं लागतं. दोन्ही रीती बाजारात चालतात आणि भाव एकाचा सांगून माल दुसऱ्याचा मिळतो. पण जाडीपेक्षाही मुलामा महत्त्वाचा. तो ग्रॅममध्ये सांगतात: एक चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त. २७५ ग्रॅम असेल तर एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. १२० ग्रॅमला जेमतेम साडेआठ. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे काय पातळ थरावर सगळं अवलंबून आहे ते बघा.

जस्ताचं काम कल्हईसारखं नुसतं झाकण्याचं नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण झिजायचं तर शिल्लक हवं. धातूला गंज चढवणाऱ्या हवेची प्रतवारी आयएसओ ९२२३ या मानकात आहे. तिसऱ्या, म्हणजे मध्यम, वर्गातल्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं. पाचव्या वर्गात ४.२ ते ८.४. उघडी पुळण समोर असलेलं आवार बहुधा या पाचव्यात धरावं लागतं. मग हिशेब सोपा आहे. रंग नसेल तर २७५ ग्रॅमचा पत्रा तिथे दोन ते साडेचार वर्षं, आणि १२० ग्रॅमचा एक-दोन पावसाळे. तोच २७५ चा पत्रा डोंगराच्या आड, मध्यम हवेत, दहा-वीस वर्षं सहज काढतो. रंगीत पत्र्याचा रंग ही झीज पुढे ढकलतो, थांबवत नाही.

दुसरा पर्याय ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त अशा मिश्रणाच्या मुलाम्याचा. अमेरिकेत बेथलहेम स्टीलने तो १९७२ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडे गॅल्व्हॅल्यूम म्हणून ओळखतात. त्याचा १५० ग्रॅमचा थर एका बाजूला २० मायक्रॉन भरतो आणि तेवढ्याच जाडीच्या जस्तापेक्षा कितीतरी पट टिकतो. छपरासाठी मी डोळे मिटून हाच घेईन, फक्त मुलामा १५०. बाजारात ७० ग्रॅमचाही भरपूर खपतो आणि दोन्ही दिसायला सारखेच. नामांकित कारखान्यांच्या पत्र्यावर पाठीमागे जाडी आणि मुलामा छापलेला असतो. पत्रा उलटून वाचावा. छपाई नसेल तर दुकान बदलावं. या मिश्रणाची एक उणी बाजूही आहे. कापलेल्या कडेला वाचवण्यात ते शुद्ध जस्ताइतकं तत्पर नाही. म्हणजे फिरून आपण कडेवरच आलो.

या कडेचा सत्यानाश सहसा आपल्याच अंगणात होतो. पोरगं कटर घेऊन येतं आणि पत्रा कापायला लागतं. ठिणग्यांचा पाऊस पडतो, बघायला मजा येते. त्या उष्णतेने कडेचा रंग आणि मुलामा दोन्ही जळून जातात, आणि ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण; तो शेजारच्या नव्या पत्र्याच्या रंगात रुतून बसतो. आठवड्याभरात तिथे तांबडे ठिपके उठतात आणि मालक कंपनीला शिव्या देतो. पत्रा कात्रीने कापावा किंवा कारखान्यातूनच मापाचा कापून आणावा. भोकं पाडल्यावर छपरावर राहिलेला कीस मऊ झाडूने त्याच संध्याकाळी झाडून काढावा. 'उद्या बघू' म्हटलं की रात्रीच्या दवात तो गंजतो.

स्क्रूचंही तसंच. हजारोंचा पत्रा घेऊन त्यावर सगळ्यात स्वस्त स्क्रू मारण्यात आपण वाकबगार आहोत. आधी स्क्रूचं डोकं गंजतं, मग त्याचा ओघळ पत्रा नासवतो, मग वॉशर आकसून भोक गळू लागतं. जाड मुलाम्याचे स्क्रू आणि खाली ईपीडीएम रबराचे वॉशर घ्यावेत. स्टेनलेसचे स्क्रू ऐकायला उत्तम वाटतात, पण खाऱ्या ओलीत स्टेनलेस आणि जस्त किंवा अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की स्टेनलेस सुखरूप राहतं आणि त्याच्याभोवतीचा मुलामा झिजतो. छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नाही. पाणी वाहतं ते खोलगटातून.

सांगाड्याकडे तर कुणी बघतच नाही, कारण तो आत असतो. बहुतेक तयार खोल्यांचा सांगाडा काळ्या लोखंडाच्या चौकोनी पाइपचा, वेल्डिंगने जोडलेला, वर रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर ऑइलपेंट. वेल्डिंगच्या जागी खपली नीट खरवडलेली नसते. रंग त्या खपलीवर बसतो आणि खपलीसकट निघतो. पाइपची तोंडं उघडी असतील तर खारी हवा आत जाते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून टणटणीत दिसणाऱ्या खांबात एक दिवस बोट जातं. यावर खरा उपाय म्हणजे सगळं कापणं-जोडणं-भोकं पाडणं उरकल्यावर सांगाड्याचे भाग सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून आणणं. पाइपला आधीच भोकं ठेवावी लागतात, नाहीतर आत कोंडलेली वाफ पाइप फोडते. ही भोकं असल्यामुळे जस्त आतूनही चढतं. जाड लोखंडावर असा थर ८० मायक्रॉनच्या घरात जातो. मग खोली वेल्डिंगने नव्हे, बोल्टने जोडायची. खर्च वाढतो, हे खरं. पण पैसे थोडेच असतील तर ते भारी रंगाच्या पत्र्यावर न घालता सांगाड्यावर घालावेत. पत्रा बदलता येतो.

न्हावा-शेव्याहून निघालेले जुने जहाजी कंटेनर हा एक तिसराच प्रकार. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅकलीन याच्या 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या आणि जगाचा व्यापार बदलला. आता त्या पेट्या म्हातारपणी आपल्या परसात येतात. वीस फुटी कंटेनर रिकामा सव्वादोन टनांच्या घरात असतो, वाऱ्याला सहजी दाद देत नाही, कुलूपही भक्कम. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे त्याचं पोलाद. ते असं असतं की वर घट्ट गंज धरून खालचं वाचवावं; मात्र क्लोराइडच्या हवेत तो गंज घट्ट बसतच नाही, म्हणून रंग उडाला की तेही साध्या लोखंडासारखंच जातं. दुसरी म्हणजे आतली प्लायवूडची जमीन. तिला कीड लागू नये म्हणून कीटकनाशक पाजलेलं असतं. त्यावर तांदळाची पोती ठेवू नयेत. आणि आपल्या पाखाडीतून, दोन गडग्यांच्या मधून, माडांखालून क्रेन कशी येणार, हे कंटेनर बघायला जाण्याआधी ठरवावं.

आता वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ताशी १२० किलोमीटरपर्यंत झोत होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या ते सगळ्यांना आठवतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. छपरांचे पत्रे कागदासारखे उडाले.

एक ढोबळ हिशेब करू. वाऱ्याचा वेग सेकंदाला जितके मीटर, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब सुमारे ६६० न्यूटन, म्हणजे ६७-६८ किलोचं वजन. वारा छपरावरून सरकताना जवळपास तेवढ्याच जोराने छप्पर वर ओढतो. दहा बाय बाराचं छप्पर ११ चौरस मीटर भरतं. म्हणजे ओढ साडेसातशे किलोची. छपराच्या पत्र्याचं स्वतःचं वजन ५० किलो, आणि अख्खी खोली सांगाड्यासकट पाचशे किलो धरली तरी वारा जिंकतो. आत सामान भरलंय म्हणून खोली उडणार नाही असं म्हणणारे सामान सोडून वर गेलेली खोली बघून गप्प बसतात. इमारतींसाठीच्या आपल्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर दिला आहे. ४४ ला हीच ओढ तेराशे किलोंवर जाते.

उपाय अवघड नाही, फक्त तो जमिनीखाली असतो म्हणून दाखवायला काही उरत नाही. चार कोपऱ्यांत दोन फूट लांब, रुंद, खोल असे काँक्रीटचे ठोकळे, प्रत्येकाचं वजन पाचशे किलोंच्या वर, त्यात आधीच बसवलेले बोल्ट. जमिनीपासून छपरापर्यंत साखळी अखंड हवी: ठोकळा, पाटी, खांब, वरची तुळई, छपराचा पत्रा. सगळ्यात कच्चा दुवा बहुतेक वेळा पत्रा आणि तुळई यांच्यातले स्क्रू. कडेच्या रांगेत ते दाट मारावेत, कारण ओढ कडेलाच सगळ्यात जास्त असते. दार पश्चिमेला ठेवू नये. वाऱ्याकडचं दार उघडलं गेलं की आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो, आणि वरून ओढ चालूच असते. कडी दाराला वर आणि खाली दोन्हीकडे हवी.

हे सगळं जमलं, तरी थंडीत एक दिवस वाटतं की छप्पर गळतंय. पाऊस नाही, तरी पोत्यांवर थेंब. पत्रा रात्री मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या दमट हवेतलं पाणी त्याच्या खालच्या अंगाला धरतं. पत्र्याला घाम फुटतो. लोक सगळ्या फटी बुजवतात आणि घाम वाढतो. करायचं ते उलट: समोरासमोरच्या भिंतींना, एकीला खाली आणि एकीला वर, जाळीच्या झडपा ठेवायच्या, म्हणजे हवा फिरती राहते. जाळी नायलॉनची, लोखंडी जाळी वर्षभरात हातात येते. सामान घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

आत काय ठेवायचं नाही, हेही या निवडीतच येतं. गॅसची टाकी, पेट्रोल, थिनर नको, कारण एप्रिलच्या दुपारी आत भट्टी असते. बागायतदारांना एक गोष्ट सांगायला हवी, ती फॅब्रिकेटर सांगत नाही. पालाश म्हणून आपण माडाला जे खत घालतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे समुद्राच्या मिठाचं सख्खं भावंड. पोतं फुटून सांडलं की आतून तोच मारा सुरू. सुपारीवर फवारायचं बोर्डो मिश्रण मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचं. त्याचं पाणी जस्ताच्या किंवा गॅल्व्हॅल्यूमच्या पत्र्यावर पडलं तर तांबं तिथे बसतं आणि मुलामा भराभर खातं. सुकी मासळी आणि मिठातली सोलं यांचंही तेच. या वस्तू झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवाव्यात, नाहीतर त्यांच्यासाठी जुना मांगर बरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. चाकं लावा, स्किड लावा, किंवा नुसती ठेवा. 'पोर्टेबल आहे, परवानगी लागत नाही' हे विकणाऱ्याचं वाक्य आहे, ग्रामपंचायतीचं नव्हे. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला सीआरझेडचे नियम लागतात. आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्यावं. वॉरंटीचा कागदही त्याच वेळी वाचावा; पत्र्याच्या वॉरंटीत समुद्रापासूनच्या अंतराची अट पुष्कळदा असते, आणि आपलं घर नेमकं त्या अटीबाहेर पडतं.

आणि समोर उघडी पुळण असेल, मधे एक झाडही नसेल, तर माझं मत विचाराल तर लोखंड घेऊच नये. चिऱ्याची लहान खोली आणि वर कौलं. गवंड्याची वाट बघावी लागली तर बघावी. वारा कौलांच्या फटींतून वाट काढतो, चार-दोन कौलं गेली तर परत ठेवता येतात, आणि चिरा गंजत नाही.

बाकीच्यांनी खरेदीआधी एक करावं. फॅब्रिकेटरला म्हणावं, नवी दाखवू नका, समुद्राजवळच बसवलेली पाच वर्षांपूर्वीची एखादी दाखवा. तिथे गेल्यावर रंग बघण्यात वेळ घालवू नये. वळचणीखाली हात घालून बघावा, दाराच्या खालच्या बिजागरीला नख लावावं, मागच्या बाजूला जाऊन, पातेरा बाजूला सारून, भिंतीचा पाय बघावा. मालक घरी असेल तर दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा तो खोलीवर नळीने पाणी मारतो का, हेही विचारावं. मारत असेल तर कुठल्या विहिरीचं, तेही. पुळणीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि त्या पाण्याने धुतलेली खोली धुतली असं म्हणता येत नाही.